तेरवीला भाजी कोणती होती?

अर्ज मी चांगला लिहिला आहे असं माझं मत होतं. मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, पण अक्षर बरं असल्यामुळे स्टाफरूममधले सगळे अर्ज, मानपत्रं आणि तक्रारी माझ्याच गळ्यात पडतात. त्यामुळे या बाबतीत मला थोडा ताठा होता. तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. तिथं बसून मी अर्ज शेवटचा वाचत होतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मान वाकडी केली, मला न विचारता तो सगळा वाचून काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं? मृत्यूची निश्चित तारीख ज्ञात नाही?"

"नाहीच ज्ञात," मी म्हणालो. "माझ्या आईची आई आहे. सत्तरच्या वर वर्षं झाली तिला जाऊन."

"तेरवीले भाजी कोनती होती?"

त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. मला वाटलं, हा भाजी खपवायला पाहतोय. मी म्हणालो, "नको मला भाजी." त्यावर तो म्हातारा असा हसला की बाजूच्या स्टॅम्पवाल्याने मान वर करून पाहिलं. मग स्टॅम्पवालाच मला म्हणाला, "सांगा साहेब, ते विचारतात ते सांगा. त्याहीच्यानं काम होते."

ही आमची पहिली भेट. पुढे वर्षभर या माणसाने माझे रविवार ताब्यात घेतले, आणि आता तो अकोल्याला लेकीकडे राहायला गेलाय तर मला रविवारी काय करावं ते सुचत नाही.

लोक त्यांना दाखलेवाले काका म्हणत. जातीने आणि धंद्याने माळी. भातकुलीच्या रस्त्याला त्यांची थोडी ओलिताची जमीन, तिच्यात बारा महिने भाजीपाला. पहाटे सायकलवर टोपल्या बांधून भाजीबाजारात यायचे, दहापर्यंत माल विकायचे, बाजारातल्या नळाच्या पाण्याने हातपाय धुवायचे आणि अकराच्या ठोक्याला कडुलिंबाखाली हजर व्हायचे. तिथं बसून ते लोकांच्या मेलेल्या माणसांचे कागद शोधून देत. याचे ते काहीच घेत नसत. "चहा पाजाल तं पितो. नाई पाजला तं मीच पाजतो," असं त्यांचं धोरण होतं. अंगात नेहरू शर्ट आणि पायजमा, डोक्यावर टोपी, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी सुतळी. खिशाला तीन पेन. तीन कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एक माह्या, एक अर्जदाराचा, एक साहेबाचा. साहेबापाशी पेन कदीच नसते."

भाजीचं त्यांचं शास्त्र असं होतं. माणूस कोणत्या तारखेला मेला हे घरचे लोक विसरतात. वर्षसुद्धा विसरतात. पण तेरवीच्या पंगतीत काय वाढलं होतं हे कुणीतरी सांगतंच. "काहून? कारन तेरवीत कोनी ना कोनी भाजीवरून रुसतेच," काका समजावून सांगत. "जावयाले कमी वाढली, व्याह्याले थंडी वाढली. अन् रुसलेल्या मानसाले साठ साठ वर्षं भाजी याद राहते." पूर्वी जे रानात असेल तेच पंगतीत यायचं. आमरस होता म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या म्हणजे मार्गशीर्ष-पौष. आंबाडी होती म्हणजे पावसाळा. महिना हाती लागला की काका घरचा पत्र्याचा पेटारा उघडत. कुण्या जोशीबुवाच्या नातवाने जुनी पंचांगं रद्दीत काढली होती, ती त्यांनी वांग्यांच्या बदल्यात उचलून आणली होती. महिना भाजीवरून, तिथी पितरांच्या जेवणावरून, आणि वर्ष गावात कुणाचं लग्न झालं, कोणता पूल वाहून गेला यावरून. तिन्ही जुळलं की मगच अर्ज लिहायचा.

अलीकडे मात्र हे शास्त्र आटत चाललं होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटे. "कोल्डस्टोरेज आलं अन् मौतीचा महिनाच हरवला. आता तेरवीले पनीर राहते मास्तर. सांगा बरं, पनीर कोनत्या महिन्यात येते?"

दुसरा त्यांचा नियम याहून अवघड होता. अर्ज लिहिण्याआधी ते मेलेल्या माणसाबद्दल तीन गोष्टी विचारत. घरात त्याला काय म्हणत, त्याला खायला काय आवडे, आणि त्याचं भांडण कुणाशी होतं. उत्तरं आली नाहीत तर पेनाचं टोपण उघडत नसत. "नुसत्या नावावर मानूस सापडत नाई," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, कारण जुन्या नोंदीत कितीतरी लोक घरच्याच नावाने जाऊन बसलेले असतात. पण भांडणाचा उपयोग काय, हे मला कधी कळलं नाही. मला वाटतं तो त्यांचा शौक होता.

एक गोष्ट त्यांनी उभ्या जन्मात केली नाही. कचेरीतल्या माणसाला भाजी विकली नाही. जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या मॅडमना त्यांची मेथी फार आवडायची. त्या बाजारात समोर उभ्या राहत आणि काका सरळ पिशवीवर पोतं टाकत. "तुमी आमच्या साहेब. तुमाले इकली तं लोक मन्तीन, मेथी देऊन काम काढते." शेवटी त्या मॅडम सासूला पाठवू लागल्या. सासू कोण हे काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तिला ते जुडी निवडून देत. सासू काही सरकारी नोकर नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

धारणीकडच्या एका माणसाची हकीकत ते नव्या माणसाला हमखास ऐकवत. त्या माणसाचा बाप आजारी पडला, त्याला जीपमध्ये घालून अमरावतीला आणत होते आणि वाटेतच तो गेला. गावची ग्रामपंचायत म्हणे इथं मेला नाही, अमरावतीवाले म्हणत इथं आलाच नाही. बिचारा दोन वर्षं दोन्हीकडे चपला झिजवत होता. काकांनी त्याला एकच विचारलं, "जीप पहिली कुठं थांबली?" कारण चालत्या गाडीत माणूस गेला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली तिथं त्याची नोंद होते. जीपवाला आधी म्हणाला, मी थांबलोच नाही. मग काकांनी त्याला चहा पाजला, जीपचं कौतुक केलं, तेव्हा त्याने सांगितलं की परतवाड्याला एका दवाखान्यापुढे पाच मिनिटं थांबलो होतो आणि डॉक्टरने नाडी पाहून मान हलवली होती. परतवाड्याला आठ दिवसांत कागद मिळाला. त्या माणसाने काकांना आपल्या शेतातली कुटकी आणून दिली. काकांना ती इतकी आवडली की घरात भाताऐवजी महिनाभर तेच शिजत होतं आणि काकू वैतागून गेल्या होत्या.

"मानूस जिथं पडलं तिथंच त्याचा कागद," ही गोष्ट सांगून झाल्यावर ते म्हणत. "त्याचं घर कुठं, शेत कुठं, ते नाई पाहाचं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्यांना स्वतःलाच कधी आठवणार नाही असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

आता माझ्या अर्जाचं. आईच्या आजोळची पातूरकडे थोडी जमीन होती. तिकडच्या आईच्या मामेभावाने वारसांची नोंद करायला घेतली, तेव्हा तलाठ्याने सगळ्या जुन्या माणसांचे मृत्यूचे दाखले मागितले. त्यात माझ्या आजीचाही हवा होता. ते काम माझ्याकडे आलं आणि मी कडुलिंबाखाली जाऊन बसलो. काकांनी तीन प्रश्न विचारले आणि माझी पाटी कोरी निघाली. आजीला घरी काय म्हणत, काय आवडे, भांडण कुणाशी, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. तिच्याबद्दल आमच्या घरात एकच गोष्ट माहीत होती. माझी आई जन्मली आणि पाचव्या दिवशी, पाचवी पुजायची त्या दिवशीच, आजी गेली.

आई हे हसत सांगायची. "मी मायले खाऊन आली" असं ती धुण्याचे कपडे मोजावेत इतक्या सहज म्हणायची. तिला वाढवलं तिच्या आत्याने, भातकुलीकडे तिच्या वडिलांच्या गावात. आत्यानेच हे तिला सांगितलं होतं, वाईट हेतूने नव्हे, जसं माहीत होतं तसं. पण ते तिच्यात मुरलं होतं. तिने आपला वाढदिवस कधी होऊ दिला नाही. आधार कार्डावर तर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे आणि तिचं त्यावर काही म्हणणं नाही. माझी दोन्ही मुलं झाली तेव्हा ती पहिले पाच दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली, खोलीत आली नाही. माझ्या बायकोला वाईट वाटलं, तेव्हा म्हणाली, "माह्या पायाचं काही सांगता येत नाई बाई. पाच रोज जाऊ दे, मंग तुह्या लेकराले मीच न्हाऊ घालतो." आणि सहाव्या दिवसापासून खरोखरच कुणाला हात लावू दिला नाही.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मेथीच्या जुडीची दोरी सोडत आणि बांधत राहिले. मग म्हणाले, "कागद काढू."

सुरुवात भातकुलीकडच्या गावापासून झाली. आमच्या वऱ्हाडात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. गावचा कोतवाल घरोघरची खबर आणायचा आणि ती या पुस्तकात चढायची, म्हणून हे नाव. मॅडमनी पुस्तक काढून दिलं. आईच्या जन्माचं वर्ष कुणाला नक्की माहीत नव्हतं, म्हणून आगेमागे तीन वर्षं पाहिली. आजी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काका, नोंद आढळून येत नाही असं प्रमाणपत्र देते, त्यावर पुढचं काम होतं." मॅडमचं काही चुकत नव्हतं, पण त्या कागदाचा काकांना भयंकर राग. "मानूस जगलं, मेलं, तेरवी झाली, गावानं जेवून ढेकर देल्ला, अन् कागद मन्ते आढळून येत नाई. हा तं धुंडनाऱ्याच्या डोयाचा दाखला झाला."

पुढच्या रविवारी ते सायकलवरून आमच्या घरी आले. येताना पिशवीभर सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, आणि दोडके. आईसमोर पाटावर बसले आणि विचारलं, "बाई, तुमच्या मायले पितरात कोनत्या दिवशी जेवू घालतात?"

"नवमीले," आई म्हणाली.

"अन् तुमचा जलम?"

"पितरातल्याच पंचमीचा. आत्या सांगे."

काकांनी बोटं मोजली. पंचमी, षष्ठी, सप्तमी, अष्टमी, नवमी. बरोबर पाचवा दिवस. त्यांचा चेहरा असा खुलला, मला वाटलं आता टोपी उडवतात. तिथी सापडली होती. भाद्रपद वद्य नवमी. मग पेटाऱ्यातली पंचांगं निघाली, त्यावरून सात-आठ वर्षांच्या नवम्यांच्या इंग्रजी तारखा निघाल्या आणि दोन महिने आम्ही त्या तारखा घेऊन भातकुलीकडच्या एकेका गावाचं पुस्तक चाळत राहिलो. नवमीला मेलेले तीन पुरुष, एक तान्हं मूल आणि एक नव्वद वर्षांची म्हातारी सापडली. आजी नाही ती नाहीच. काका सुकत चालले. हा त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

असाच एक रविवार. काका आणि मी बैठकीत पंचांगं पसरून बसलो होतो. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. माझी बायको चहा घेऊन आली, तिने तो कागदांचा पसारा पाहिला आणि विचारलं, "काका, नवमीच काहून पाहून राहिले?"

"अवो बाई, तुमच्या सासूच्या मायची तिथी नवमीची."

"पण नवमीले तर सगळ्याच सवाष्णींचं करतात," बायको म्हणाली. "अविधवा नवमी म्हणतात नं तिला. नवऱ्याच्या आधी जी बाई गेली तिचं नवमीलाच. माझी आजी चैत्रात गेली, तिचंही आम्ही नवमीलाच करतो."

काकांच्या हातातली बशी तशीच राहिली.  पंचांगाचा एवढा मोठा जाणकार माणूस, आणि घरोघरच्या बायकांना माहीत असलेली गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"आमच्या घरच्या बायका चिवट," शेवटी ते पडेल आवाजात म्हणाले. "माय, आजी, पंजी, साऱ्या नवऱ्याले पोचवून मंग गेल्या. आमच्या घरी नवमीले कोनी जेवाले येतच नाई. मले कसं याद राहीन?" आणि मग स्वतःच हसायला लागले. बायकोही हसली. हसता हसता आमच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला आहे.

आई दारात उभी होती, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. नवमीचा हा अर्थ तिलाही ठाऊक होता. इतरांच्या घरी ती कितीदा तरी नवमीला सवाष्ण म्हणून जेवून आली होती. पण आपल्या आईच्या बाबतीत लहानपणी जे कानावर पडलं त्याला तिने कधी हात लावून पाहिला नव्हता. पंचमीला लेक झाली, नवमीला आईचं पान वाढतात, म्हणजे पाचव्या दिवशी गेली. कुणीतरी केव्हातरी एवढीच बेरीज केली होती आणि ती माझ्या आईच्या वाट्याला आली होती.

"मंग माय मेली तरी कदी?" आईने विचारलं.

काकांनी बशी खाली ठेवली. "बाई, तुमचा जलम कुठं झाला? सासरी का तिच्या माहेरी?"

"माहेरी. पयलं बाळंतपन. पातूरकडं."

काकांनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "मानूस जिथं पडलं तिथं कागद, असं साऱ्या जगाले सांगतो अन् दोन महिने मी भातकुलीत धुंडून राहिलो. येडा झालो मी मास्तर. उद्या चाला."

उद्या शाळा होती, म्हणून शनिवारी गेलो. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून पातूर, तिथून ऑटोने गाव. आईची मामेबहीण तिथं राहते, मी तिला मावशी म्हणतो. आजी गेली तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. आई आणि ती आयुष्यात चार-दोन लग्नांत भेटलेल्या, पण लग्नात कुणी कुणाला तुमची आई कधी मेली असं विचारत नाही. काकांनी पिशवीतून वांगी काढून तिच्यापुढे ठेवली, खाटेशेजारी खाली बसले आणि आपला प्रश्न विचारला.

"भाजी?" मावशीला काही वावगं वाटलं नाही. "वांगेच होते. पन वांगे पुरले नाईत. मंग माह्या बापानं कुंपनावरचे कोहळे तोडून आनले अन् ते शिजवले. त्याच्यावरून मोठा फुफा रुसला, आत्याचा नवरा. मने, तेरवीले कोहळं खाऊ घालता का मले."

"कोहळं मंजे आश्विन-कार्तिक," काका मला पुटपुटून म्हणाले आणि लिहायला लागले.

"पन त्या लहानीनं लय खाल्लं कोहळं," मावशी बोलतच होती. "एक फोड हातात, एक तोंडात, अन् साऱ्या मांडवात फिरे. लोकायच्या ताटात पाय देत जाये. मलेच तिच्या मांगं धावाव लागे."

काकांचं पेन थांबलं. "कोनती लहानी?"

"याची माय." मावशीने माझ्याकडे बोट केलं.

"फिरे मंजे? चालत?"

"चालत नाई तं काय उडत?" मावशी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला. आज सासरी धाडू, उद्या धाडू असं चाललं होतं, तेवढ्यात घरात आजीच्या एका भावाचं लग्न निघालं. ते होतं न होतं तोच पावसाळा लागला आणि नाल्यांना पूर. पावसाळा संपता संपता गावात तापाची साथ आली आणि आजी तिच्यात गेली. भातकुलीकडच्यांना एवढंच माहीत, की सून बाळंतपणाला गेली आणि परत आली नाही.

येताना एसटीत काका लिहून घेतलेला कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. अकोला आल्यावर फक्त एवढं म्हणाले, "बाईले इतक्यात सांगू नका. कागद येऊ द्या." पण माझ्याच्याने कुठलं राहवतंय. घरी पोचल्या पोचल्या मी आईला सांगून टाकलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिचं काय घेऊन बसला. तिले काल काय जेवली ते सांगता येत नाई."

"अगं पण आई, तिला भाजीसुद्धा आठवते."

"लोकायच्या तोंडचं मी आयुष्यभर आयकलं," आई म्हणाली. "तोंडचंच खरं मानून एवढी म्हातारी झाली. आता पुन्हा तोंडच्यावर इस्वास ठेवू, अन् उद्या ते बी खोटं निघालं तं? कागद आन. कागदावर असन तं मानीन." एवढं बोलून ती गच्चीवर पापड उलटायला गेली, आणि पापड सकाळीच काढून ठेवले होते.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तोवर दाखला तलाठ्यासाठी हवा होता. आता त्या पुस्तकात पान नसलं, फाटलं असलं, तर आईच्या पदरात काय घालायचं? काकांनाही तीच भीती होती, कारण त्या महिन्यात त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही.

त्या गावची जुनी पुस्तकं जिथं ठेवली होती तिथं आम्ही अर्ज दिला, तारीख मिळाली आणि काका नि मी पुन्हा गेलो. तिथला कारकून तरुण पण फार सांभाळून काम करणारा होता. पानं वयोमानाने एकमेकांना चिकटली होती, ती तो पट्टीने हळूहळू सोडवायचा. पुढच्या बाजूला जन्म, मागच्या बाजूला मृत्यू. भाद्रपदातल्या वद्य पंचमीला, आजीच्या वडिलांच्या घरी, एक मुलगी. नाव नाही, नुसतंच 'मुलगी', पण बापाचं नाव आणि त्याचं भातकुलीकडचं गाव स्पष्ट. त्या वर्षाच्या मृत्यूंमध्ये आजी नव्हती. मग पुढच्या वर्षाचं पुस्तक. कार्तिकातलं पान सुटता सुटेना. काकांनी टोपी काढून हातात धरली होती आणि तिचा पार बोळा झाला होता. पान सुटलं. त्या एका पानावर मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप असं सात वेळा लिहिलं होतं. पाचवी ओळ माझ्या आजीची होती.

दोन्ही नोंदींच्या शिक्क्याच्या नकला घेऊन आम्ही अमरावतीला आलो. (तलाठ्याचं कामही त्यावर यथावकाश झालं, पण तोवर ते काम मी विसरूनच गेलो होतो.) आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने चष्मा लावला, नकला खिडकीजवळ नेल्या आणि एकेक अक्षर लावून स्वतः वाचल्या. आम्हाला वाचू दिलं नाही. आजीचं नाव, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, मग नवऱ्याचं नाव. मग वय.

"एकोनीस," आई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. "आपली पिंकी एकोनीस वर्षांची आहे नं?"

पिंकी माझी मुलगी, कॉलेजात जाते. मी मान हलवली.

"पोरगीच होती मंग," आई म्हणाली. तिने दोन्ही कागद मांडीवर ठेवले आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजायला सुरुवात केली. भादवा, आश्विन, कार्तिक. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. काका समोर बसून तिच्याबरोबर ओठातल्या ओठात मोजत होते. चौदा भरले तेव्हा दोघंही थांबले.

"चौदा महिने," आई म्हणाली.  "मंजे दूध तिनंच पाजलं असन मले."

माझे डोळे भरून आले. बायकोने पदर तोंडाला लावला. आई मात्र काकांकडेच पाहत होती. "दातही तिनंच पाहिले असतीन. अन् भाऊ, चालाले बी तिनंच शिकवलं असन नं मले?"

काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण जन्माची सवय जात नाही. पुराव्याशिवाय हो म्हणणं त्यांना जमेना. चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, त्याची नोंद नाई राहत."

"नोंद कायले पायजे?" आई म्हणाली. "चालून तं राहिली नं मी."

आणि ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.